नवा स्टिरिओ बसवला आणि दर चार दिवसांनी बॅटरी बसायला लागली? आधी लाल आणि पिवळी वायर बघा

किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक. मीटरवरचे दिवे मिणमिणतात, गाडी सेल्फ घेत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावली की पहिल्या झटक्यात चालू, आणि मग आठवडाभर सगळं झकास. रोज चालवली तर तक्रारच नाही. तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा टकटकटक.

माझ्या २०१५च्या स्विफ्टने हे सात महिन्यांत नऊ वेळा करून दाखवलं. कंपनीचा स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवली त्या दिवसानंतरच हे सुरू झालं, पण ही सांगड माझ्या डोक्यात फार उशिरा बसली. मधल्या काळात एक नवी बॅटरी घेऊन झाली. चार हजारांच्या आसपास गेले आणि तिनेही दीड महिन्यात तोच खेळ मांडला. खरं कारण डॅशबोर्डच्या मागे, दोन इंच काळ्या टेपखाली होतं.

ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच करा: स्टिरिओची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून गाडीच्या एकाच वायरीला जोडली आहे का ते बघा. जोडली असेल तर निम्मं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण ही चूक एका विशिष्ट क्रमाने होते आणि तो क्रम कळला की पुन्हा कोणी गंडवत नाही.

एक तक्रार गेली, दुसरी आली

बाहेरच्या जवळजवळ सगळ्या स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, किल्ली असो वा नसो. लाल म्हणजे एसीसी, किल्ली पहिल्या खटक्यावर आली की जिच्यात बारा व्होल्ट येतात आणि किल्ली काढली की जातात ती. काळी म्हणजे अर्थ, अर्थात गाडीच्या पत्र्याला जोडायची निगेटिव्ह वायर. निळी अँटेनाला, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अँप्लिफायर चालू करायला, नारिंगी हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद करायला. स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी पुढे डावीकडे, राखाडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे, काळी रेघ असेल ती त्या जोडीतली निगेटिव्ह.

यातली पिवळी पोट भरते आणि लाल उठवते-झोपवते. बहुतेक अँड्रॉइड स्टिरिओंत सगळा जड करंट पिवळीतूनच जातो. लाल नुसती खूण आहे. तिच्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर वाहतात. लालमधला पुरवठा थांबला की स्टिरिओला कळतं, मालक गेला, आता झोपायचं. झोपेतसुद्धा पिवळीतून थोडंसं खाणं चालू राहतं, म्हणून घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि ब्लूटूथची जोडणी लक्षात राहते.

माझ्याकडे पहिल्या दिवशी दुकानातल्या पोराने दोन्ही वायरी गाडीच्या एसीसीला जोडल्या होत्या. परिणाम असा की किल्ली काढली की स्टिरिओ झोपायचा नाही, मरायचाच. पुन्हा गाडी चालू केली की चाळीस सेकंद कंपनीचं बोधचिन्ह, मग घड्याळ रात्रीचे बारा, विविध भारती गायब, फोन पुन्हा जोडा. मी तक्रार घेऊन गेलो. "काका, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला. खरंच दोनच मिनिटं लागली. मी टपरीवरून चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीनभोवतीची पट्टी बंद करून तो मोकळा झाला होता. "आता सेटिंग कधीच जाणार नाही."

शब्दाला जागला बिचारा. त्याने तीच पिळलेली जोडी उचलून एसीसीवरून काढली आणि कायमच्या पुरवठ्याला लावली. आता लालमध्ये चोवीस तास बारा व्होल्ट. स्टिरिओच्या लेखी मालक कायम गाडीत बसलेला. मी उतरताना बटण दाबून स्क्रीन काळी करायचो आणि समजायचो की बंद झाला. आत प्रोसेसर जागा, ब्लूटूथ जागं, आवाजाची चिप जागी.

म्हणून पहिला प्रश्न हा: किल्ली पूर्ण काढल्यावर तुमचा स्टिरिओ आपोआप बंद होतो, की तुम्हाला बटण दाबावं लागतं? बटण दाबावं लागत असेल तर मीटर आणण्याआधीच उत्तर मिळालं. एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं एसीसी मुद्दाम चालू ठेवलेला असतो. त्या गाड्यांत दार उघडून, लॉक करून, दहा मिनिटांनी काचेतून बघा.

बॅटरीवाला, गॅरेजवाला, स्टिरिओवाला

या तिघांत माझे तीन महिने गेले, आणि गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. बॅटरीवाल्याने टेस्टर लावून सांगितलं, बॅटरी चांगली आहे, फक्त उतरली आहे. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४.२ व्होल्ट दाखवले, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) ठणठणीत (१३.८ ते १४.४ च्या दरम्यान असलं की ठीक). स्टिरिओवाला म्हणाला, सेट चालतोय ना? चालत होता. गाडी बंद असताना काय खातेय हे मात्र कोणीच मोजलं नाही.

आणि प्रत्येक वेळी बॅटरी पार तळाला गेली की ती थोडी कायमची मरते. गाडीची लेड-अॅसिड बॅटरी थोडी उतरून लगेच भरण्यासाठी बनलेली असते, तळ गाठण्यासाठी नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तेवढी क्षमता परत येत नाही. त्यामुळे मूळ गळती बंद न करता नवी बॅटरी टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, वर त्या पाण्याने माठ आणखी फुटतो.

गळती मोजायची कशी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला हवा. आणि १० नंबरचा पाना.

आधी व्होल्टेज बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॉनेट उघडून बॅटरीवर मीटर लावा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली गेली असेल तर तिला आधी चार्जरवर भरा, नाहीतर पुढचं मोजमाप फसवं येईल.

मग करंट. इथे जरा बैठक मारून काम करा.

गाडी बंद, किल्ली बाहेर. बटणाने चालू होणारी गाडी असेल तर रिमोट घरात ठेवून या. जवळ असला की गाडी जागी राहते. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवावं लागणार असेल तर दाराच्या कडेच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने आत फिरवून "बंद" करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं आणि आतला दिवा विझतो. (काम झाल्यावर दार लावण्याआधी बाहेरचं हँडल ओढून ती जीभ परत मोकळी करा. मी विसरलो आणि दार धाडकन आपटून परत आलं. रंग गेला तो गेलाच.)

आता मीटरची काळी वायर नेहमीच्या कॉमन भोकात, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, चकती १० अँपिअर डीसीवर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल ढिलं करा, पण लगेच उचलू नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरं टर्मिनलच्या क्लँपला धरा, आणि ते तसंच धरून क्लँप अलगद वर उचला. म्हणजे पुरवठा एक क्षणही तुटत नाही आणि गाडीतली झोपलेली यंत्रं दचकून उठत नाहीत. मगरी क्लिपा असल्या तर हात मोकळे राहतात. नसतील तर घरातल्या कोणालातरी पाया पडून उभं करा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. मीटर असा मधे असताना सेल्फ मारू नका. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, मीटर गेलाच. आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना चुकून व्होल्टेज बघायला बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर टोकं ठेवू नका. ते थेट शॉर्ट आहे. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. दहा मिनिटं, काही गाड्यांत अर्धा तास थांबा. मग जो आकडा स्थिर होईल तो खरा. २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे मीटरवर ०.०२ ते ०.०५, हे निरोगी गाडीचं लक्षण. माझ्याकडे ०.३६ वर अडकला.

हिशोब करून बघा. ०.३६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेआठ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवसांत पाऊण बॅटरी फस्त, चौथ्या दिवशी टकटकटक. सात महिने जे मला "कधीतरी होतं" असं वाटत होतं ते घड्याळासारखं नियमित होतं.

आता फ्यूज एकेक काढायचे आणि मीटरकडे बघायचं. स्टिरिओचा फ्यूज ओढला आणि आकडा ०.३६ वरून ०.०२ वर आला. इथे एक फसगत सांभाळा: बऱ्याच गाड्यांत आतल्या दिव्याचा आणि स्टिरिओचा कायमचा पुरवठा एकाच फ्यूजवर असतो. त्यामुळे फ्यूज परत लावा आणि स्टिरिओच्या मागचा कपलर (सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग) काढून पुन्हा मोजा. तरीही आकडा खालीच राहिला तर चोर स्टिरिओच. नाही राहिला तर डिकीचा दिवा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर यांच्याकडे बघा.

खरा एसीसी शोधणं

बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, मग स्क्रीनभोवतीची पट्टी प्लास्टिकच्या पट्टीने सैल करा (स्टीलचा स्क्रूड्रायव्हर घातलात तर ओरखडे आयुष्यभर बघावे लागतील), चार स्क्रू काढा, सेट पुढे ओढा. मागे वायरींचं घरटं दिसेल. घाबरू नका, तुम्हाला त्यातल्या तीनच हव्यात.

एक इशारा मात्र मनापासून. स्टिअरिंगच्या आसपास आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्टर लॅम्प तर नाहीच. आपली पिवळी वायर म्हणजे स्टिरिओच्या कपलरातून निघालेली, आणि ती बहुतेक वेळा १० किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजसकट येते.

गाडीच्या बाजूच्या वायरींवर रंग बघून जाऊ नका. कंपनीच्या वायरींचे रंग कंपनीचे, ते स्टिरिओच्या रंगांशी जुळत नाहीत. इथे मीटरवरच विश्वास. बॅटरी परत जोडा, मीटर २० व्होल्ट डीसीवर (लाल वायर आता व्होल्टच्या भोकात आणायची, विसरू नका), काळं टोक चांगल्या अर्थवर, आणि गाडीच्या कपलरातला एकेक पिन तपासा.

किल्ली बाहेर असताना ज्या पिनवर बारा-साडेबारा दिसतात तो कायमचा. तिथे पिवळी.

किल्ली बाहेर असताना शून्य, पहिल्या खटक्यावर बारा, काढली की पुन्हा शून्य, तो एसीसी. तिथे लाल. हे करताना हेडलाइट बंद ठेवा आणि मग एकदा चालू करून बघा. हेडलाइटबरोबर येणारा-जाणारा पिन दिव्याचा आहे, तिथे लाल लावली तर तुमचा स्टिरिओ फक्त रात्रीच गाणार. असं एक प्रकरण मी डोळ्यांनी बघितलंय.

फोक्सवॅगन गटाच्या जुन्या, आयएसओ (ठरलेल्या प्रमाणातल्या) कपलरवाल्या गाड्यांत कायमचा आणि एसीसी हे दोन पिन नेहमीच्या जागांपेक्षा उलटे असतात. म्हणून बाजारातल्या कित्येक जोड-कपलरांत लाल आणि पिवळीच्या मधे गोळीसारखे जोड दिलेले असतात, ते काढून उलटे लावता येतात. तसा कपलर हातात आला तर वायर कापायची गरजच नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. स्टिरिओच्या कपलरात एसीसीची वायरच नसते. किल्ली कुठे आहे ते कॅनबसवरून, म्हणजे गाडीतली यंत्रं ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिथून, संदेश म्हणून येतं. अशा गाडीसाठी स्टिरिओबरोबर छोटी कॅनबस डबी मिळते, ती संदेश वाचून लाल वायरीला बारा व्होल्ट देते. डबी गाडीच्या मॉडेलशी जुळणारी नसेल किंवा स्टिरिओच्या सेटिंगमध्ये गाडी चुकीची निवडली असेल तर ती झोपतच नाही, आणि वायरिंग अगदी पुस्तकी असूनही बॅटरी बसते. तिथे मी सरळ डबीचा नाद सोडून लाल वायर फ्यूज बॉक्समधल्या किल्लीवर चालणाऱ्या जागेवरून, फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) घालून घेईन. सिगारेट लायटरचा फ्यूज सोयीचा पडतो, पण आधी मोजा. काही गाड्यांत तोही कायम चालू असतो.

जोड कसा करायचा याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पिळून वरून टेप ही पद्धत मला आता बघवत नाही. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की टेपचा गोंद वितळून चिकट होतो, टेप सुटते आणि तांब्याचे केस उघडे पडतात. माझ्याकडे टेप ओढली तर ती बोटाला चिकटून गुळाच्या पाकासारखी तार आली. डाग मारून (सोल्डर करून) वर उष्णतेने आकसणारी नळी घाला, नाहीतर चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून ती घट्ट दाबा. आणि पिवळीवरचा फ्यूज उडत असेल तर मोठा टाकू नका, कारण शोधा.

माझं काम एकूण पंचवीस मिनिटांचं निघालं. लाल वेगळी केली, एसीसीवर आणली, पिवळी होती तिथेच ठेवली. पुन्हा मोजलं: ०.०३. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाहूनही कमी, म्हणजे निम्मी बॅटरी संपायला तीन आठवडे.

लाल-पिवळी बरोबर असूनही उतरत असेल तर

सकाळी गाडी उघडण्याआधी सीटखालच्या अँप्लिफायरला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो थंडगार हवा. कोमट लागला तर त्याची निळी-पांढरी वायर कायमच्या पुरवठ्याला टाकली आहे. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीवरच हवी.

अँड्रॉइड सेटांच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये किल्ली काढल्यावर किती वेळ झोपेत राहायचं आणि मग पूर्ण बंद व्हायचं याचा पर्याय बऱ्याचदा असतो. सिमकार्ड घातलेला सेट झोपेतही जास्त खातो. गाडी आठवडा-आठवडा उभी असते त्यांनी हा वेळ कमी करावा. सकाळी सुरू व्हायला अर्धा मिनिट जास्त लागेल, लागू द्या.

सेल्फ मारताना स्टिरिओ क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, हा दोष नाही. त्या क्षणी गाडी स्वतःच एसीसी तोडते. पण तेवढ्यात तो थेट बोधचिन्हापासून सुरू होत असेल तर पिवळीचा जोड ढिला आहे, किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुंईऽऽ अशी शीळ हा वेगळा आजार, तिथे काळ्या वायरीकडे बघा. रंगावर स्क्रू मारलेला अर्थ हा अर्थच नव्हे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्या. आणि अँप्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या आरसीए वायरी बॅटरीच्या जाड वायरीबरोबर एकाच बाजूने नेल्या असतील तर एक डावीकडून, एक उजवीकडून करा. फक्त फोन चार्जरला लावल्यावरच शीळ येत असेल तर चार्जर बदला, गाडीला हात लावू नका.

एवढं करूनही वायरमनकडे जायची वेळ आली, तर कागदावर चार आकडे लिहून न्या: रात्रभर उभी राहिल्यावरचं व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज, स्टिरिओ जोडलेला असतानाची गळती, आणि कपलर काढल्यावरची गळती. आणि तो काम करत असताना चहाला जाऊ नका.